सपाट पृथ्वी, गोल रेंज

वायरलेस नेटवर्कवर डिझर्टेशन केलेल्या कुठल्याही एम.ई.वाल्याला मध्यरात्री गदागदा हलवून उठवावं आणि कानात म्हणावं, ‘‘137!’’ तो डोळे न उघडता सांगेल, ‘‘इरेझच्या आधी दिस, मग बाण.’’ आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागेल.

ही कुठल्या पंथाची दीक्षा नव्हे. एनएस-2 नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. वायरलेस यंत्रं एकमेकांशी कशी बोलतील, पॅकेट कुठे हरवतील, कोण कुणाचं ऐकणार नाही, याचं नाटक ते कॉम्प्युटरच्या पोटात बसवून दाखवतं. त्याच्या पसाऱ्यात ‘लिंकस्टेट’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘एलएस डॉट एच’ ही फाइल आहे आणि तिच्या 137व्या ओळीवर ‘इरेझ’ हा शब्द बेवारशासारखा उभा आहे. त्याच्या आधी ‘दिस’ लिहून बाण काढला की सॉफ्टवेअर बसतं. नाही काढला, तर इन्स्टॉलेशन तिथवर येऊन जे आडवं होतं ते उठत नाही. गंमत अशी, की ज्या लिंकस्टेट प्रोटोकॉलची ही फाइल, त्याचा विद्यार्थ्याच्या विषयाशी काडीचा संबंध नसतो. अख्ख्या थीसिसात तो कुठे येत नाही. पण उंबऱ्यात झोपलेला असतो, ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही.

कारण तसं साधं आहे. एनएस-2ची शेवटची आवृत्ती, 2.35, नोव्हेंबर 2011मध्ये निघाली आणि तिथेच थांबली. जीसीसी कंपायलर मात्र वर्षागणिक कडक होत गेला. 4.7व्या आवृत्तीपासून त्यानं सी प्लस प्लसच्या नियमांवर बोट ठेवलं आणि हा ‘इरेझ’ नक्की कुणाच्या घरचा ते लिहून द्या म्हणाला. तेवढ्यासाठी ते ‘दिस’. हे कारण विद्यार्थ्याला ठाऊक नसतं, कारण सीनियरला ठाऊक नव्हतं. आणि सीनियरला नव्हतं, कारण त्याच्या सीनियरनं ‘करून टाक, विचारू नको’ एवढंच सांगितलं होतं. ज्ञानाची ही परंपरा पेनड्राइव्हमधून चालते.

वास्तविक वायरलेसचा अभ्यास खऱ्याखुऱ्या वायरलेस यंत्रांवर करायला कुणाची ना नाही. पण त्याला पन्नास यंत्रं लागतात, ती हातात धरून मैदानात फिरणारी पन्नास माणसं लागतात, आणि पन्नास माणसं जमली की आधी वडापावचा हिशोब निघतो. सिम्युलेटरमधलं यंत्र, म्हणजे नोड, काही खात नाही. म्हणून ही सोय. 1989च्या सुमारास श्रीनिवासन केशव यांनी बर्कलीत केलेल्या सिम्युलेटरपासून या घराण्याची सुरुवात होते. नव्वदच्या दशकात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅक्कॅन, सॅली फ्लॉइड आणि मंडळींनी त्यातून एनएस घडवलं, पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाचा पैसा आला, आणि वायरलेसचा मजला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोनार्क गटानं चढवला. याच सॅली फ्लॉइड यांनी व्हर्न पॅक्सन यांच्यासोबत 1997मध्ये एक निबंध सादर केला. विषय : इंटरनेटचं सिम्युलेशन कसं करावं हे आपल्याला का कळत नाही. यंत्र बनवणाऱ्या बाईंनीच इतक्या प्रांजळपणे सांगितल्यावर वापरणाऱ्यांनी जरा दबकून राहायला हवं होतं. पण सूचना वाचतो कोण? आपण मिक्सरच्याही वाचत नाही.

तर विद्यार्थी गाइडसमोर उभा राहतो.

‘‘सर, एनएस-2 इन्स्टॉल होत नाहीये.’’

‘‘उबुंटू कुठलं?’’

‘‘बावीस.’’

‘‘चौदा टाक.’’

‘‘सर, पण चौदावर माझं वाय-फाय चालत नाही.’’

‘‘अरे, तुला वायरलेसवर काम करायचंय की वाय-फाय वापरायचंय? आम्ही रेडहॅटवर केलं सगळं.’’

यावर उत्तर नसतं. विद्यार्थी चौदा टाकतो. चौदा टाकताना विंडोज जातं. विंडोजबरोबर बहिणीच्या लग्नाचे फोटो जातात, आणि मग घरी जी काही चर्चा होते तिला कुठल्याही प्रोटोकॉलचं बंधन नसतं.

लग्नाचे फोटो जाऊनही पडद्यावर येतं ते ‘एनएस : कमांड नॉट फाउंड’. सॉफ्टवेअर बसलेलं असतं, पण कुठे बसलंय ते लॅपटॉपला सांगायचं राहिलेलं असतं. त्यासाठी ‘बॅशआरसी’ नावाच्या फाइलीत तीन-चार पाथ लिहावे लागतात. ते अर्थात सीनियरच्या फाइलीतून उचलायचे. सीनियरचे पाथ सीनियरच्या नावाच्या फोल्डरात जातात, ते फोल्डर या लॅपटॉपवर असण्याचं कारण नाही. एकानं यावर तोडगा काढला. पाथ बदलण्याच्या भानगडीत न पडता त्यानं लॅपटॉपवर सीनियरच्याच नावानं नवं अकाउंट उघडलं. एनएस तत्काळ चालू झालं. पुढे त्याच्या थीसिसातल्या प्रत्येक स्क्रीनशॉटवर वरच्या कोपऱ्यात सीनियरचं नाव होतं, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. गाइडच्याही नाही. सह्या झाल्या.

पहिलं वायरलेस सिम्युलेशन सुरू झाल्यावर पडदा जे बोलतो तेही ऐकण्यासारखं आहे. आधी नोड किती ते सांगतो. मग ‘इनिशियलाइझ द लिस्ट’ म्हणतो. मग अँटेनाची सर्वांत जास्त उंची 1.5 आणि कुठलंसं अंतर 550 असल्याचं जाहीर करतो. शेवटी ‘सॉर्टिंग लिस्ट्स... डन!’ असा हुंकार देऊन गप्प होतो. पुढे कर्सर लुकलुकत राहतो. काम चाललंय, संपलंय की अडलंय, हे कळायला मार्ग नाही. पहिल्यांदा हे बघणारा विद्यार्थी ‘डन’ वाचून पार्टी देतो. दुसऱ्या दिवशी कळतं, की फक्त यादी लावून झाली होती.

आणि मग नॅम उघडायचं. नॅम म्हणजे हे सगळं नाटक चित्रात दाखवणारा पडदा. तारांच्या नेटवर्कात हरवलेलं पॅकेट तिथे खरंच टपकन खाली पडताना दिसतं. हे दृश्य इतकं मोहक आहे की काही जण त्यासाठीच रांगेची लांबी कमी करून पॅकेटं पाडत बसतात. वायरलेसमध्ये मात्र नोडचा आकार वेगळा सांगावा लागतो. तो सांगायचा राहिला, तर नोड दिसेल न दिसेल इतका बारीक येतो. विद्यार्थी गाइडना पांढरा पडदा दाखवतो.

‘‘हे काय?’’

‘‘सर, पन्नास नोड आहेत. दिसत नाहीयेत फक्त.’’

‘‘मग वायरलेसच आहे म्हणायचं,’’ असं म्हणून सर चहाला जातात. सरांना विनोदाचं अंग नाही असं कुणी म्हणू नये.

ते 550 म्हणजे काय, हा प्रश्न थीसिस बांधून झाला तरी बहुतेकांना पडत नाही. एनएस-2मधला नोड मूळ आकड्यांवर ठेवला तर 250 मीटरपर्यंत त्याचं बोलणं समजतं आणि 550 मीटरपर्यंत नुसती कुजबुज जाणवते. हे आकडे आले ल्यूसंट कंपनीच्या वेव्हलॅन कार्डावरून. 914 मेगाहर्ट्झवर चालणारं, नव्वदच्या दशकातलं कार्ड. ज्यानं ते कार्ड उभ्या जन्मात पाहिलं नाही, तो ‘भविष्यातील रणांगणासाठी बुद्धिमान ड्रोनजाळे’ असल्या मथळ्याचा थीसिस लिहितो, आणि प्रत्येक ड्रोनच्या पोटात तेच ल्यूसंटचं कार्ड घरघरत असतं. ड्रोनची अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर. म्हणजे भविष्यातलं रणांगण साधारण खांद्याच्या नि डोक्याच्या मध्ये कुठेतरी लढलं जाणार आहे.

आणि हे 250 मीटरही कसे, तर कंपासनं काढावेत असे. 249व्या मीटरवर खणखणीत आवाज, 251वर स्मशानशांतता. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात डेव्हिड कॉट्झ आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशनवाल्यांची ही गृहीतकं गोळा करून 2004मध्ये तपासायला घेतली. पृथ्वी सपाट आहे. रेडिओची रेंज गोल असते. सगळ्या रेडिओंची रेंज सारखी असते. मला तुझं ऐकू आलं म्हणजे तुला माझं ऐकू येतं. ऐकू आलं म्हणजे सगळंच नीट ऐकू आलं. अंतर वाढलं की आवाज शिस्तीत कमी होत जातो. मग त्यांनी तीसहून अधिक लॅपटॉप माणसांच्या हातात देऊन मैदानात फिरवले आणि एकेक गृहीतक जमिनीवर आपटलं. यातलं चौथं तपासायला खरं तर मैदानाचीही गरज नव्हती. हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला एकदा हजेरी लावली असती तरी भागलं असतं.

विद्यार्थ्याच्या आईचा फोन येतो.

‘‘जेवलास का? आवाज असा का येतोय?’’

‘‘आई, नेटवर्कचं काम अडलंय.’’

‘‘मग खिडकीत जाऊन बघ की जरा.’’

मुलगा कपाळाला हात लावतो. पण भिंत मध्ये आली की लहरी अडतात आणि खिडकीत जरा बऱ्या येतात, ही गोष्ट आईला कळलेली आहे. त्याच्या मॉडेलला अजून कळलेली नाही. तिथे भिंतच नाही.

भिंत नाही म्हणून नोड वाट्टेल तसे हिंडतात. त्यांच्या हिंडण्याचं मॉडेल 1996मध्ये जॉन्सन आणि माल्ट्झ यांनी वापरात आणलं. रँडम वेपॉइंट म्हणतात त्याला. नोडनं मनात येईल ती जागा निवडायची, मनात येईल तो वेग धरायचा, नाकासमोर सरळ चालत जायचं, पोचल्यावर जरा थांबायचं आणि पुन्हा दुसरी जागा निवडायची. का चाललात, कुणाकडे चाललात, असं कुणी विचारत नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसालाही इतकं स्वातंत्र्य घरातून मिळत नाही. यात एक मेख निघाली. कमीत कमी वेग शून्य ठेवला, तर एखादा नोड पार टोकाची जागा निवडतो आणि वेग निवडतो गोगलगायीचा. तो जो वाटेला लागतो तो सिम्युलेशन संपेतो वाटेतच. हळूहळू असे मंदावलेले नोड साचत जातात आणि सगळं जग पेंगायला लागतं. यून, लिऊ आणि नोबल या मिशिगन विद्यापीठातल्या तिघांनी 2003मध्ये हे गणितानं दाखवून दिलं, तोवर कित्येकांनी ‘अतिवेगवान हालचालीतही आमचा प्रोटोकॉल टिकला’ असं छापून टाकलं होतं. टिकणारच. हलत कोण होतं?

हे सगळे हिंडायचे 1500 मीटर लांब आणि 300 मीटर रुंद अशा चिंचोळ्या पट्टीत. पन्नास नोड, 900 सेकंद. मोनार्क गटानं 1998च्या आपल्या गाजलेल्या तुलनेत ही पट्टी घेतली, कारण पॅकेटांना जरा लांबचे पल्ले मारावे लागावेत अशी त्यांची इच्छा होती. मागून आलेल्यांची तशी काही इच्छा नव्हती. त्यांनी पट्टी घेतली कारण ज्या पेपरवरून काम उचललं त्या ‘बेस पेपर’मध्ये पट्टी होती.

त्या तुलनेत चार प्रोटोकॉल होते, त्यातला डीएसडीव्ही हा 1994 साली चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी मांडलेला. भागवतांनी पुढे वायरलेस सुरक्षेची कंपनी उभी केली, आणि तिचं संशोधनाचं काम चालायचं पुण्यात. पुण्यातला विद्यार्थी डीएसडीव्हीबद्दलची शंका मात्र अकराव्या मजल्यावरच्या सीनियरलाच विचारतो. डीएसआर हा आणखी एक. त्याला साधी रांग चालत नाही, कार्नेगी मेलनची खास रांग द्यावी लागते; नाही दिली तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड’ एवढं बोलून कार्यक्रम संपतो. कुणी ही रांग शोधत बसतं. बाकीचे थीसिसात एक वाक्य घालतात : डीएसआर या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे.

सर्वांत लोकप्रिय विषय मात्र ‘ब्लॅक होल हल्ला’. जाळ्यात एखादा नोड खोटं सांगतो, की सर्वांत जवळचा रस्ता माझ्याकडूनच जातो. आणि सगळी पॅकेटं आली की गिळून बसतो. त्याला ओळखून काढायचं. इथे चोर विद्यार्थ्यानंच नेमायचा असतो आणि पोलीसही त्यानंच. एओडीव्ही या त्या चारांतल्याच एका प्रोटोकॉलच्या कोडमध्ये तो लिहितो, की नोड क्रमांक 5 हा बदमाश. मग चोर पकडण्याची पद्धत लिहितो. ती चालवतो. आणि खरोखर नोड क्रमांक 5 सापडतो! हा शोध लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहावा. पकडण्याचं प्रमाण 98 टक्के आलं की तो समाधानानं झोपतो. उरलेले दोन टक्के त्यानं शोभेसाठी ठेवलेले असतात. पूर्ण शंभर आले तर कुणाला पटत नाही, हे त्याला लॅबमध्ये सगळ्यात आधी शिकवलेलं असतं.

शंभराचा विषय निघालाच आहे तर ऑक स्क्रिप्टबद्दल बोलायला हवं. सिम्युलेशन संपल्यावर हातात येते ती ट्रेस फाइल. लाखो ओळी. प्रत्येक ओळीत कोणी पाठवलं, कोणी घेतलं, कोणी पुढे ढकललं, कोणी टाकून दिलं. टाकून देण्याची कारणंही मोठी चोख नोंदवलेली : ‘सीओएल’ म्हणजे टक्कर, ‘एनआरटीई’ म्हणजे रस्ता नाही, ‘टीटीएल’ म्हणजे आयुष्य संपलं, ‘ईएनडी’ म्हणजे सिम्युलेशनच संपलं, आता काय करणार. सरकारी कार्यालयांनी अर्ज नाकारताना इतकी तपशिलात कारणं दिली असती तर माहिती अधिकाराचा कायदा लागला नसता. या ओळींमधून किती पॅकेटं निघाली आणि किती पोचली हे मोजायला ऑक भाषेतली छोटी स्क्रिप्ट लागते. ती लॅबमध्ये पिढीजात असते. मूळ कुणी लिहिली ते कुणाला माहीत नाही. मधल्या कुणीतरी एक कंस काढलेला असतो आणि त्याच्या नंतरच्या कुणीतरी भलत्याच जागी परत घातलेला असतो.

‘‘सर, डिलिव्हरी रेशो 104 टक्के येतोय.’’

‘‘चांगलंय.’’

‘‘सर, एकशे चार.’’

सर चष्मा काढून पुसतात. ‘‘म्हणजे पाठवलेल्यापेक्षा जास्त पोचतायत?’’

‘‘हो.’’

‘‘एओडीव्हीचा किती?’’

‘‘एक्क्याण्णव.’’

सर बराच वेळ गप्प. ‘‘एवढी सुधारणा बेस पेपरमध्येही नाही रे,’’ ते हळहळतात. ‘‘ठेवता आली असती तर.’’

चूक एका ओळीची असते. निघालेली पॅकेटं मोजताना स्क्रिप्ट फक्त ‘एजीटी’ या वरच्या थरावर बघते आणि पोचलेली मोजताना मधल्या ‘आरटीआर’ थरावरच्या पावत्याही त्यात धरते. वाटेतल्या नोडनं पॅकेट हातात घेतलं तरी ते ‘पोचलं’. एकच पार्सल वॉचमननं घेतलं, शेजारणीनं घेतलं आणि शेवटी घरच्यांनी घेतलं, तर तीन पार्सलं आली असं धरण्यातला हा प्रकार. दुरुस्ती केल्यावर आकडा 87वर येतो. एओडीव्ही 91वरच उभा.

इथून पुढे जे घडतं त्यात या सगळ्या विद्येचं सार आहे. 104 आले तेव्हा चूक शोधायला एक दुपार पुरली होती. 87 आल्यावर मात्र लॅबमध्ये रात्ररात्र दिवे जळायला लागतात. रेंज तपासली जाते. रांगेची लांबी तपासली जाते. अँटेना बदलली जाते. नोड 50चे 30 होतात, मग 80. एकदा तर थेट कंपायलरवर संशय घेतला जातो. मधूनच एखाद्या पहाटे आकडा 93 येतो, आणि त्याच क्षणी सगळा शोध थांबतो. 93 का आला, हे कुणी शोधत नाही. आवडलेल्या ग्राफमध्ये चूक शोधायला रात्र जागवलेला माणूस, शास्त्राच्या कुठल्याही शाखेत, सहसा आढळत नाही.

‘‘सर, आपला वर गेला.’’

‘‘बघ, म्हटलं नव्हतं? पद्धत बरोबरच होती. काय बदललंस?’’

‘‘सीड.’’

हा सीड म्हणजे या खेळातला हुकमाचा एक्का. कॉम्प्युटरला खरं यादृच्छिक काही सुचत नाही. एक आकडा दिला की त्यावरून तो लहरीपणाची लांबलचक माळ ओवत जातो. तो पहिला आकडा सीड. एनएस-2मध्ये तो तुम्ही दिला नाहीत तर 12345 असतो. हो, 12345. सुटकेसच्या कुलुपाला आणि बँकेच्या पासवर्डला आपण जो ठेवतो तोच. त्यामुळे दहा वेळा चालवा, नोड दहाही वेळा त्याच वेळी त्याच जागी लहर लागल्यासारखे जातात, आणि ‘आमचे निष्कर्ष कमालीचे स्थिर आहेत’ असं लिहिता येतं. शहाणपणाची रीत अशी, की निरनिराळे सीड घेऊन बऱ्याच वेळा चालवावं, सरासरी काढावी, ती किती वर-खाली होते तेही सांगावं. लॅबची रीत अशी, की निरनिराळे सीड घेऊन बऱ्याच वेळा चालवावं आणि ज्यात आपला वर जाईल तो ठेवावा. एका होस्टेलात लकी सीडची यादी भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेली होती, आणि खोली सोडताना ती पुढच्याच्या ताब्यात पंखा नि कॉटसकट दिली जायची.

यात आपल्याकडच्या पोरांनाच हसण्याचं कारण नाही. लोझानच्या विद्यापीठातल्या कॅव्हिन, सासाँ आणि शिपर यांनी 2002मध्ये एकच अगदी सोपा अल्गोरिदम, आलेलं पॅकेट सगळ्यांना वाटून टाकण्याचा, ऑपनेट, एनएस-2 आणि ग्लोमोसिम अशा तीन सिम्युलेटरांत घातला. तिघांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. काही ठिकाणी तर कलही वेगळा. डॉक्टर बदलला की निदान बदलतं हे आपल्याला अंगवळणी पडलंय, पण यंत्रानं असं वागावं म्हणजे जरा अतीच झालं. 2005मध्ये कर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी मोबीहॉक या मानाच्या परिषदेतले सहा वर्षांतले 151 निबंध तपासले. त्यातले 114 सिम्युलेशनवर उभे. त्यांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांनी सिम्युलेटर कुठला वापरला तेच सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्याला पुन्हा करून बघता येतील असे निबंध पंधरा टक्क्यांहूनही कमी निघाले. आजी पुरणपोळीची कृती सांगताना ‘अंदाजानं घे’ म्हणायची तेव्हा तिला कुणी परिषदेला बोलावलं नाही.

एनएस-2चा कंटाळा आलेल्यांसाठी 2008पासून एनएस-3 आहे. ते नव्यानं लिहिलेलं, नियमित सांभाळलेलं आणि खरोखर चांगलं आहे. फक्त एनएस-2च्या स्क्रिप्टा त्यात चालत नाहीत, त्यामुळे पेनड्राइव्हची परंपरा खंडित होते. व्हिडिओत बघून ‘वॅफ’ या बांधणीच्या साधनानं ते बांधायला जावं, तर 2022मध्ये 3.36पासून वॅफ गेलेलं आणि सीमेक आलेलं. तिथेही एक गंमत दबा धरून बसलेली आहे. शेजाऱ्याला पॅकेट द्यायचं तर आधी त्याचा पत्ता एआरपीनं विचारावा लागतो. उत्तर येईपर्यंत वाट बघणाऱ्या पॅकेटांना बसायला जागा किती? तीन. चौथ्यापासून पुढची दाराबाहेर. सुरुवातीलाच घाऊक पॅकेटं सोडणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली काही हमखास गायब होतात, आणि त्या गायब होण्यावर ‘प्रारंभिक गर्दीचे नवे विश्लेषण’ असं प्रकरण लिहून होतं. खुर्च्या तीनच होत्या हे कळतं तेव्हा पेपर छापून आलेला असतो.

गाड्यांच्या जाळ्यावर काम करणारे ओमनेट++कडे जातात. बुडापेस्टच्या आंद्राश वर्गा यांचं हे अपत्य, देखणं आणि नीटस. पण गाड्या चालवायला त्याच्या सोबतीला वेन्स लागतं, रहदारीसाठी सुमो लागतं, आणि तिघांच्या आवृत्त्यांचे छत्तीस गुण जुळावे लागतात. ते जुळले की पडद्यावर जर्मनीतलं एर्लांगेन शहर उघडतं. वेन्सबरोबर नमुना म्हणून येतो तो याच शहराचा नकाशा. त्यात एक गाडी बंद पडते. अपघाताची वेळ 73 सेकंद आणि मुदत 50 सेकंद असं फाइलीत आधीच लिहून ठेवलेलं आहे. मागच्या गाड्यांना संदेश जातो, त्या मुकाट्यानं दुसरा रस्ता धरतात. कुणी काच खाली करून काय झालं ते विचारत नाही. कुणी उतरून हवा भरून बघत नाही. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला अर्धं आयुष्य काढलेला मुलगा हे डोळे भरून बघतो आणि शीर्षक लिहितो : ‘भारतीय रहदारीसाठी अपघात-सूचना प्रणाली’. जगभरच्या किती थीसिसांत ती बिचारी गाडी बंद पडली असेल, देव जाणे. विमा कंपनीनं तर केव्हाच हात वर केले असते.

शेवटी व्हायव्हाचा दिवस उजाडतो. बाहेरगावाहून एक्स्टर्नल येतात. त्यांना साडेचारची गाडी गाठायची असते आणि मधे पाच थीसिस असतात. विद्यार्थी नवा शर्ट घालून पहिला ग्राफ दाखवतो. लाल रेषा एओडीव्ही, हिरवी रेषा ‘प्रपोज्ड’.

‘‘हिरवी तुमची ना? मग ती खाली का?’’

‘‘सर, हा डिलेचा ग्राफ आहे. डिले कमी म्हणजे चांगलं.’’

एक्स्टर्नल मान डोलावतात. गाइडही डोलावतात. विद्यार्थी घाम पुसतो; या ग्राफसाठी भिंतीवरचा अकरावा सीड कामी आलेला असतो.

‘‘ते समजलं हो,’’ एक्स्टर्नल म्हणतात, ‘‘पण वर गेलेला असता तर बरं दिसलं असतं.’’

‘‘आहे सर, थ्रूपुटचा आहे वर गेलेला,’’ विद्यार्थी घाईघाईनं स्लाइड पुढे सरकवतो.

‘‘हं, हा छान आहे. हाच आधी लावायचा.’’ एवढ्यात शिपाई कांदेपोह्यांच्या प्लेटा घेऊन आत येतो. एक्स्टर्नल घड्याळाकडे बघत पोह्यांवर लिंबू पिळतात आणि गाइडना विचारतात, ‘‘पुढचा कोण? त्याचंही ब्लॅक होलच का?’’